खेमसिंग गुरुजीची इंग्रजी

मृग कोरडा गेला, आर्द्रात जेमतेम पेरणीपुरता पडला आणि मग पावसानं तोंड लपवलं ते लपवलंच. मोहतांड्याच्या हलक्या बरडावर कपाशीची रोपं बोटाएवढी होऊन थांबली होती. सकाळी जरा टवटवीत दिसायची, दुपार झाली की माना टाकायची. खेमसिंग राठोड पहाटे उठून वावरात तण काढायला डवरा धरायचा, ऊन चढलं की हातपाय धुऊन धोतरावर धुतलेला सदरा चढवायचा आणि शाळेत जायचा. सकाळी बैल हाकायचे आणि दुपारी पोरं, असा तांड्यात तो एकटाच माणूस होता.

शाळा चौथीपर्यंत. कुडाच्या भिंती, वर कवेलू, आत एक फळा. चौथी झाली की एखाददुसरं पोरगं दिग्रसला मामा-काकाकडं राहून पुढं शिकायचं, बाकीची गुरांमागं जायची. पोरींचं तर चौथीतच संपायचं. खेमसिंगची मानी यंदा चौथीत होती.

ते त्रेसष्ट साल. श्रावणाच्या तोंडी शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला आले. तांड्याचा नायक पूनमसिंग पागोटं बांधून हजर झाला. त्यानं वर्षभर मागणी लावली होती की तांड्यात पाचवीचा वर्ग द्या. साहेबांनी हजेरी पाहिली, पोरांकडून पाढे म्हणवून घेतले. मग कोपऱ्यातला दुधाच्या भुकटीचा डबा उचलून खेमसिंगपुढं धरला.

"गुरुजी, यावर काय लिहिलंय, जरा वाचा."

खेमसिंगला एबीसी येत होती. मास्तरकीच्या शिक्षणात तेवढीच झाली होती. त्यानं 'मिल्क' वाचलं. पुढचा शब्द लांबच लांब होता. "अन..." म्हणून तो थांबला. पुन्हा सुरुवातीपासून धरला, पुन्हा तिथंच अडला. कानामागून घामाचा ओघळ सदऱ्यात शिरला. पोरं टक लावून गुरुजींच्या तोंडाकडं पाहत होती. आजवर फळ्यापुढं अडायचं ते पोरांनीच.

साहेबांनी डबा जागेवर ठेवला. आवाज न चढवता ते म्हणाले, "पाचवीला इंग्रजी आहे. शिकवणार कोण? दिवाळीनंतर यवतमाळला शिक्षकांची परीक्षा ठेवली आहे. त्यात पास व्हा, जूनपासून वर्ग देतो. नाहीतर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल. तुमच्यासारखी मागणारी पुष्कळ गावं आहेत."

साहेब गेल्यावर नायकानं पागोटं सोडून मांडीवर घेतलं. "गुरुजी, आता तुमच्यावरच हाये," एवढंच म्हणाला.

पुढच्या बाजारी खेमसिंगनं दिग्रसहून एक जुनी डिक्शनरी आणली. पुठ्ठा गेलेली, वाळवीनं कडा कुरतडलेली. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज सकाळी तळहातावर शाईनं शब्द लिहायचा आणि डवऱ्यामागं चालताना हात उघडून पाहायचा. ओळ संपायच्या आत घामानं शाई पसरायची. बायको बसंतीबाई मागून निंदत यायची. तिनं एकदा विचारलं,

"हाताले काय लागलं तुमच्या?"

"शब्द होते. पुसल्या गेले."

"मंग डोक्यात ठेवा ना."

"डोक्यातूनही पुसल्या जातेत."

महिना उलटला तरी तो पहिल्या अक्षरातच होता. काल पाठ केलेलं आज नव्या शब्दांखाली दबून जायचं. झोपताना म्हणून ठेवलेलं सकाळी जिभेवर यायचं नाही. पस्तिशी ओलांडली होती, आणि आपली अक्कल आता या जमिनीसारखी झाली, पेरलेलं धरत नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

त्यातच त्याच्या आईच्या, सुखीबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. बुढीनं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. मग बिब्बा तापवून लावला. पाय सुजून घोट्यापर्यंत लाल झाला, तेव्हा बसंतीनं घरचे उपाय सोडून देऊन नर्सबाईला निरोप धाडला.

नर्सबाई म्हणजे कौसल्या. आजूबाजूच्या खेड्यांना तिचा फेरा असे. बाळंतिणी पाहायच्या, लेकरांना टोचायचं, गोळ्या वाटायच्या. पंचविशीची, सावळी, पांढरं लुगडं पिंढरीवर खोचून चिखलातून चालणारी. तांड्यात तिला नडल्यावरच बोलवत. ती आली, खाटेपाशी बसली आणि तिनं सुखीबाईचा पाय मांडीवर घ्यायला हात पुढं केला. बुढीनं पाय मागं ओढला.

"कोनाची पोरगी तू?"

"दिग्रसच्या गोविंदाची. बौद्धपुऱ्यातल्या."

"बौद्ध म्हंजे तेच ना, पहिलेचे..."

"हो आजी, तेच. छप्पन साली माह्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली." कौसल्याचा हात तसाच पुढं होता. "पाय तुमचा हाये. सोडून द्याचा असन तं मी जाते. पन टाच सडून राह्यली."

 मग बसंतीनं सासूचा गुडघा दाबून धरला आणि म्हणाली, "धुवा बाई तुमी."

कौसल्यानं पाणी उकळवलं, काळपट औषध त्यात टाकलं, टाच चिरली. पू निघाला, त्यात काट्याचं काळं टोक निघालं. सुखीबाई दातात पदर धरून पडली होती. तिनं हूं का चूं केलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर कौसल्यानं हात धुतले, तेव्हा तिला कोनाड्यात डिक्शनरी दिसली.

"हे कोन वाचते?"

"मीच," खेमसिंग म्हणाला. "वाचतो कायचं, पाठ करून राह्यलो."

"पहिल्या पानापासून?"

त्यानं मान हलवली. कौसल्याला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "गुरुजी, मीबी नागपूरले गेलती तवा असंच केलतं. मराठी शिकून गेलेली पोरगी मी, अन् तिथं लेक्चर सारं इंग्रजीत. रातभर रडत पाठ कराची. मंग एका म्हाताऱ्या नर्सनं दाखवलं. मोठा शब्द दिसला का भ्यायचं नाई. त्याच्यात एक लहान शब्द दडून असते. तो पहिले धराचा. मंग पाहाचं, पुढून काय जोडलं अन् मागून काय जोडलं."

तिनं मानीची पाटी मागून घेतली. औषधाच्या बाटलीवरचा 'डिसइन्फेक्टंट' हा शब्द त्यावर लिहिला आणि मधे दोन उभ्या रेघा मारून तुकडे पाडले. "हे मधातलं इन्फेक्ट. जखम नासवनं. पुढं डिस लावलं, डिसइन्फेक्ट, नासलेलं साफ करनं. मागं शन लावलं, इन्फेक्शन. आजीच्या टाचेत झालं ते. आता सांगा, डिस कनेक्ट काय?"

"कनेक्ट म्हंजे?"

"जोडनं."

खेमसिंगनं पाटीवरच्या 'डिस'वर बोट ठेवलं. "तं तोडनं," तो म्हणाला.

"झालं मंग. हा कोनी पाठ करून देला तुमाले?"

ती गेल्यावर खेमसिंग शाळा उघडून आत गेला आणि दुधाचा डबा घेऊन उंबऱ्यावर बसला. त्या लांब शब्दावर त्यानं बोट ठेवून दोन्ही टोकं झाकली. मधे उरलं 'स्वीट'. गोड. हा शब्द त्याला येत होता. मागचे दोन तुकडे त्याला नीट कळले नाहीत, पण पुढचा 'अन' म्हणजे नाही, एवढं त्यानं अदमासानं धरलं. गोड नाही. गोड न केलेलं दूध. त्यानं झाकण काढून चिमूटभर भुकटी तोंडात टाकली. खरंच गोड नव्हती.

जखम भरेपर्यंत दर आठवड्याला पट्टी बदलायची होती. कौसल्या यायची, पट्टी करायची आणि नंतर ओट्यावर बसून खेमसिंगला शब्द द्यायची. ती एक द्यायची, तो त्याचे चार करून ठेवायचा. केअर, केअरफुल, केअरलेस, केअरलेसनेस. बसंती कशिद्याचं काम घेऊन तिथंच बसायची. घागऱ्याच्या पट्टीवर आरसे लावता लावता तिचे कान इकडंच असत.

एकदा पट्टी सोडताना कौसल्यानं विचारलं, "गुरुजी, आजीची जखम कशी हाये?"

"पेनफुल."

"अन् पुढच्या आठवड्यात?"

"पेनलेस होईन."

सुखीबाईनं डोळे बारीक केले. "काय म्हून राह्यले हे माह्या पायाले?"

बसंती सुईत दोरा ओवत म्हणाली, "पेन म्हंजे दुखनं. फुल म्हंजे भरेल, लेस म्हंजे रितं. आता दुखन्यानं भरेल हाये, मंग रितं होईन."

कौसल्यानं तिच्याकडं वळून पाहिलं. बसंती लाजली आणि दोरा दातानं तोडू लागली.

भाद्रपदात पाऊस परतला. उशिरा का होईना, कपाशीनं मान वर केली, तण मात्र तिच्यापुढं धावलं. खेमसिंग पुन्हा पहाटेपासून डवऱ्यामागं लागला. सुखीबाई आता काठी टेकत बांधापर्यंत येत होती. एका सकाळी तो शब्द पुटपुटत चालला असताना जू एका बाजूला गेलं आणि डवऱ्याच्या लोखंडी पात्यानं कपाशीची ओळ हातभर साफ कापली. बांधावरून बुढी ओरडली,

"बेअक्कल! डोये हायेत का नाई? नालायक कुठचा!"

खेमसिंगनं बैल थांबवले. कापलेली रोपं उचलायची सोडून तो तसाच उभा राहिला. बेअक्कल. अक्कल, आणि पुढं बे. नालायक. लायक, आणि पुढं ना. बेइमान, बेकार, अजाण, बिनपाण्याचं. मग मागून जोडायचं काय? शहाणपणा, वेडेपणा. जमीनदार. गाडीवाला. तो हे जन्मभर बोलत आला होता. कोणी शिकवलं नव्हतं. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, आणि तिन्हींत हेच चाललं होतं.

"याडी," तो बांधाकडं वळून आईला म्हणाला, "आनखी शिव्या दे."

सुखीबाईनं सुनेकडं पाहिलं. "याले ऊन लागलं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याला इंग्रजीची भीती राहिली नाही. डिक्शनरीत तो आता मुळातले शब्द शोधायचा आणि त्यांना पुढून-मागून जोडून पाहायचा. जोडलेला शब्द पुस्तकात सापडला की त्याला वासरू गोठ्यात परत आल्यासारखं वाटे.

तांड्यात कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नायकानं त्याला लिंबाखाली बोलावलं. चिलीम पुढं केली आणि हळू आवाजात म्हणाला,

"गुरुजी, तुमी शिकलेसवरले. पन त्या लोकायच्या पोरीपाशी बसून शिकता, लोक बोलून राह्यले. बाईमानूस, तेबी बिनलग्नाची."

"तांड्यात इंग्रजी येनारा दुसरा कोनी दाखवा, नायक. त्याच्या दारात जाऊन बसतो."

पूनमसिंगनं चिलमीचा झुरका घेतला. "तसं नाई. बायकोले तरी जवळ बसवत जा."

"ते जवळच असते. माह्यापेक्षा तिच्याच ध्यानात जास्त राह्यते."

 नायकालाही नात होती आणि पाचवी त्यालाही हवी होती. त्यानं चिलीम परत घेतली आणि पावसाचं बोलणं काढलं.

दिवाळी झाली. कापसाचा पहिला वेचा घरात येत होता तेव्हाच परीक्षेचा दिवस आला. बसंतीनं कापसाचं ओझं उतरवून भाकरी बांधून दिल्या. खेमसिंग पहाटे सडकेवर आला आणि दिग्रसहून यवतमाळची मोटार धरली.

एका मोठ्या शाळेत बाकांवर खेड्यापाड्यांचे मास्तर दाटीवाटीनं बसले होते. कोणाच्या डोक्याला पागोटं, कोणाच्या पायात चिखलाच्या वहाणा. लेखी पेपरात शब्दांपासून शब्द बनवायचा प्रश्न होता. खेमसिंगची लेखणी अडली नाही. टीचपासून टीचर, काइंडपासून काइंडनेस, होपपासून होपलेस. 'स्टील' म्हणजे चोरणे, त्याचा त्यानं स्टीलर केला. ब्रेव्हचं ब्रेव्हनेस केलं. कागद भरून गेला आणि बाहेर येऊन त्यानं लिंबाखाली भाकर सोडली तेव्हा त्याला पोटभर समाधान वाटत होतं.

दुपारी तोंडी परीक्षा. टेबलामागं एक तरुण अधिकारी होते, शेजारी आणखी दोघं. नाव, गाव विचारून झालं. मग इंग्रजीत प्रश्न आला की तुमची बायको काय करते. प्रश्न त्याला पुरता कळला. त्याला आनंद झाला. इंग्रजीतच तो म्हणाला की ती फार्मर आहे, आणि कुकर आहे.

तिघंही हसले. तरुण अधिकारी रुमालानं तोंड झाकून म्हणाले, "गुरुजी, मग शिट्टी वाजवते का?" आणि पुन्हा हसले. खेमसिंगला शिट्टीचं काहीच कळलं नाही. त्यानं असा कुकर कधी पाहिला नव्हता. सगळे हसताहेत म्हणून तोही थोडा हसला. ते आपलं हसणंच त्याला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

घरी आल्यावर त्यानं जेवण होईपर्यंत काही सांगितलं नाही. मग ताट सरकवत सगळं सांगितलं. बसंती हसली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली,

"टीच करनारा टीचर?"

"हो."

"फार्म करनारी फार्मर?"

"हो."

"मंग कुक करनारी कुकर काहून नाई?"

"तेच तं मले समजलं नाई."

पुढच्या आठवड्यात कौसल्या आली तेव्हा बसंतीनंच तिला विचारलं. कौसल्या म्हणाली, "रांधनाऱ्या मानसाले कुकच म्हनतात, वैनी. कुकर म्हंजे भांडं. त्यात भात शिजते, वाफ झाली का शिट्टी होते. शहरात निघालं हाये."

"म्हंजे भांड्याले 'अर' लागते अन् रांधनारीले नाई."

"नाई लागत."

"असं काहून?"

"कोनाले मालूम. लोकायच्या तोंडात बसलं ते खरं. स्टीलरबी होत नाई, गुरुजी. चोराले थीफ म्हनतात. अन् ब्रेव्हचं ब्रेव्हरी." कौसल्यानं पाटी पुसली. "हे मी आधी सांगाले पाह्यजे होतं. नियमानं घडवता येते, पन घडवलेला शब्द लोकायनं उचलला पाह्यजे. नाई उचलला तं तो मेला."

खेमसिंग खाली मान घालून ऐकत होता. आपण केलेले शब्द त्याला आठवत गेले आणि त्यांतले कोणते जिवंत, कोणते मेलेले, हे आता त्याला सांगता येईना.

निकाल संक्रांतीनंतर आला. तो नापास झाला होता. लेखीत थोडक्यात, तोंडीत बराच. पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या मोठ्या गावाला गेला. तिथं मॅट्रिक झालेला तरुण मास्तर होता.

नायक काही टाकून बोलला नाही. पण होळीच्या गाण्याला तांडा जमला तेव्हा कोणीतरी अंधारातून "गुरुजी, शिट्टी वाजवा" असं म्हणालं. यवतमाळची गोष्ट तांड्यात कशी पोहोचली कोण जाणे. तिथं आलेल्या दुसऱ्या मास्तरांनीच ती बाजारात सांगितली असावी. खेमसिंग फेरातून हळूच निघून घरी आला आणि खाटेवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं नेहमीसारखे पाढे घेतले. डिक्शनरीला मात्र महिनाभर हात लावला नाही.

चैत्रात मोहफुलं पडू लागली. पहाटे तांडा रानात असायचा. बसंती, मानी आणि खेमसिंग झाडाखाली वाकून फुलं वेचत होते. हातांना चिकट गोडसर वास येत होता. वेचता वेचता मानी आपल्याशीच म्हणत होती, "हॅपी. अनहॅपी. हॅपीनेस. अनहॅपीनेस."

खेमसिंग कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "हे कोनं शिकवलं तुले?"

"तुमीच तं ओट्यावर म्हनत होते, बा." तिनं टोपलीत ओंजळ टाकली. "बा, अनबकरी काहून होत नाई?"

"बकरीच्या उलटं काय असते?"

मानीनं विचार केला. "काई नाई."

"मंग 'अन' कायले चिकटन? चांगलं-वाईट, खुशी-नाखुशी, असं उलटं असन तिथं ते चिकटते. अन् सगळीकडं तेबी नाई. कुठं चिकटते हे वाचून वाचूनच समजते." त्यानं ओंजळभर फुलं टोपलीत टाकली. "मले हे उशिरा समजलं."

"मी पाचवीत नाई जानार ना, बा? मंग मले कायले समजाले पाह्यजे?"

तिनं हे रडून किंवा रुसून विचारलं नव्हतं. भाकर नसली तर ताट कशाला घेऊ, तसं विचारलं होतं. बसंतीचा वेचता हात थांबला. खेमसिंग पुन्हा वाकला आणि फुलं उचलू लागला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं डिक्शनरीवरची धूळ झटकली आणि पुढच्या परीक्षेला नाव देण्यासाठी कागद लिहिला. पण परीक्षा दिवाळीनंतर होती आणि मानीची चौथी वैशाखात संपत होती.

कौसल्या निरोप घ्यायला आली ती त्याच सुमारास. तिची बदली दिग्रसच्या दवाखान्यात झाली होती. ती ओट्यावर बसली, बसंतीनं पाण्याचा लोटा पुढं ठेवला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली,

"गुरुजी, एक बोलू का? मानीले माह्याकडं ठेवा. शाळा जवळ हाये. घरी मी अन् माही माय तुळसाबाई, दोघीच. बाप गेल्यापासून घर रितं वाटते."

 सुखीबाई आत जात्यापाशी बसली होती. जात्याची घरघर थांबली.

"राहीन कुठं हे समजलं," ती आतून म्हणाली. "खाईन कोनाच्या हातचं?"

"आमच्याच, आजी. दुसरं कोन हाये तिथं?"

 खेमसिंगला वाटलं, आता आपण बोलायला हवं. पण आईपुढं त्याची जीभ साहेबांपुढं अडली होती तशीच अडली. बोलली ती बसंती. सुई कशिद्यात टोचून ठेवून ती सासूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मले माह्या मायनं पहिलीलेबी नाई बसवलं. ओट्यावर बसून जे कानावर पडलं तेवढं मले येते. ते मले गोड लागते. माह्या पोरीले मी एवढ्यावर ठेवनार नाई. तुमी नाई म्हनसान तं नाई. पन मंग तुमीच तिले सांगा, मी सांगनार नाई."

सासूपुढं ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. सुखीबाई जात्याच्या खुंट्याला हात लावून बसून राहिली. मग म्हणाली,

"घर पाह्यल्याबिगर मी पोरगी देनार नाई."

मृगाच्या आधी शाळेत नाव घालायचं होतं. खेमसिंग, सुखीबाई आणि मानी सकाळच्या मोटारीनं दिग्रसला उतरली. बसंती बियाणं निवडायला घरी राहिली. निघताना तिनं मानीच्या वेणीत नवी रिबीन बांधली आणि मागं वळून न पाहता आत गेली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या लांब भिंतीला वळसा घालून बौद्धपुरा होता. घर मातीचंच, पण शेणानं स्वच्छ सारवलेलं. खिडकीत कौसल्याची पुस्तकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. कौसल्या दवाखान्यात गेली होती. तिची माय तुळसाबाई बारीक चणीची, कपाळावर पांढरे केस आलेली. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि जास्त बोलली नाही.

सुखीबाईनं घर पाहिलं. पाण्याचा रांजण पाहिला, पोरगी झोपेल ती जागा पाहिली, मागची मोरी पाहिली. खेमसिंग शाळेत जाऊन नाव घालून आला तोवर ती दारातच बसून होती. सोबत आणलेलं भाकरीचं गाठोडं तिनं मांडीवरच धरलं होतं.

दुपारी तुळसाबाईनं ताटं मांडली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. मानी हात धुऊन बसली आणि जेवू लागली. तिला भूक लागली होती. खेमसिंगही बसला. एक ताट रिकाम्या जागेपुढं तसंच राहिलं. तुळसाबाईनं एकदाही म्हटलं नाही की जेवा. ती चुलीपाशी बसून पुढची भाकर थापत राहिली. तव्यावर भाकर टाकण्याचा आणि उलटण्याचा आवाज तेवढा येत होता. खेमसिंगचा घास तोंडात फिरत होता. त्यानं आईकडं पाहिलं नाही.

मानीनं दुसरी भाकर मागितली. तुळसाबाईनं फुगलेली भाकर तिच्या ताटात टाकली आणि वाफ जावी म्हणून बोटानं फोडून दिली. पोरीचं बोट भाजू नये म्हणून आधी आपलं भाजून घेतलं.

सुखीबाई उठली. गाठोडं तिनं भिंतीशी ठेवलं, लोट्यानं हात धुतले आणि त्या रिकाम्या ताटापुढं येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. चुलीपाशी तुळसाबाईचे हात थांबले होते.

"भाजीत तिखट कमी हाये," सुखीबाई म्हणाली. "आमच्या पोट्टीले तिखट लागते."

"उद्यापासून जास्त टाकीन," तुळसाबाई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.